आंबोलीच्या चढावर काटा का चढायचा: इंजिनाच्या कुलिंगची पार्श्वभूमी

दाणोली मागं पडून आंबोलीचा चढ लागला की वडिलांचं निम्मं लक्ष टेम्परेचरच्या काट्यावर असायचं. मे महिना, अँबॅसिडरमध्ये सात माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि पायाशी पाण्याचे दोन कॅन. अर्ध्या घाटात काटा लाल पट्ट्याकडं सरकला की गाडी डोंगराच्या कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं गप्प बसायचं. मग रेडिएटरच्या टोपणावर ओलं गोणपाट टाकून ते अर्धा आटा फिरवायचं, वाफ जाऊ द्यायची, आणि इंजिन चालू ठेवून हळूहळू पाणी ओतायचं. तापलेल्या ब्लॉकवर एकदम गार पाणी पडलं तर तो तडकतो, हे आम्हा मुलांनाही पाठ होतं.

आज तोच घाट एसी लावून, न थांबता चढता येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं गाडी चालवणाऱ्यांच्या मनात मात्र त्या कॅनच्या काळातली एक समजूत अजून घट्ट बसलेली आहे: इंजिन जितकं गार, तितकं चांगलं. माझ्या मते इंजिनाच्या कुलिंगचा सगळा इतिहास याच्या उलट सांगतो.

आधी मूळ अडचण. पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिच्यातली ढोबळमानानं एक तृतीयांश चाकं फिरवायला लागते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली इंजिनाच्या अंगात शिरते. स्फोटाच्या क्षणी आतलं तापमान २००० अंशांच्या वर जातं. पिस्टन अॅल्युमिनियमचा, आणि अॅल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. न्हाणीतला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. पाणी आहे तोवर नळीला काही होत नाही, बंब कोरडा पडला की तीच नळी जळते. इंजिनाचा सिलिंडर आणि त्याच्या भोवतालचं पाण्याचं जॅकेट ही हीच रचना आहे.

कार्ल बेंझनं २९ जानेवारी १८८६ ला ज्या तीनचाकी मोटारीचं पेटंट मागितलं, तिला रेडिएटरच नव्हता. सिलिंडरभोवतीचं पाणी उकळायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. ही पद्धत दिसते तितकी अडाणी नाही. पाण्याची वाफ होताना ते प्रचंड उष्णता ओढून नेतं. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहापटीहून जास्त त्याची वाफ करायला लागते. माठातलं पाणी गार होतं ते याच गुणामुळं. पण उडालेलं पाणी परत येत नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला शंभरेक किलोमीटर गेली, तेव्हा इंधनासाठी तिला व्हीसलॉखच्या औषधाच्या दुकानात थांबावं लागलं आणि पाण्यासाठी तर वाटेत पुन्हा पुन्हा. आंबोलीत कॅन घेऊन उभे राहणारे आमचे वडील तिचेच वारसदार. त्याच १८८८ साली इकडं बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान काढलं होतं. त्या घराण्याचा आणि इंजिनाच्या पाण्याचा संबंध पुढं येणारच आहे.

पाणी फेकायचं नाही, फिरवत ठेवायचं, ही पुढची पायरी. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८९ च्या गाडीत पाणी चक्क सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतून फिरवलं. खरी उडी म्हणजे विल्हेल्म मायबाखची मधमाशांच्या पोळ्यासारखी रेडिएटरची जाळी. चौकोनी तोंडाच्या हजारो बारीक नळ्या एकमेकींना डाखून, त्यांतून वारा आणि त्यांच्या फटींतून पाणी. १९०१ मध्ये नीस इथल्या शर्यती गाजवणारी ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज ही जाळी घेऊनच धावली. तेवढ्या ताकदीच्या इंजिनाला जेमतेम ९ लिटर पाणी पुरलं. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो, कारण कुलिंगनं ताकद वाढवल्याचं तिथं उघड दिसतं. उष्णता बाहेर काढायची सोय झाली म्हणूनच इंजिनाला जास्त ताकद काढू देता आली.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीनं, सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपही ठेवला नाही. गरम पाणी वर चढतं, गार खाली येतं, एवढ्यावर काम चालायचं. सपाटीवर ठीक, चढावर आणि जास्त ताकदीला ते कमी पडतं. म्हणून पुढं सगळीकडं पंप आला, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री वॉटर बॉडी म्हणतात.

यानंतर एक गंमतीचं वळण येतं. इंजिन आणखी गार कसं करायचं हा प्रश्न मागं पडला, आणि पाणी आणखी गरम कसं राहू द्यायचं यावर इंजिनिअर डोकं लावू लागले. कारण सोपं आहे. रेडिएटरमधलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यात तापमानाचा फरक जितका जास्त, तितकी उष्णता भरभर बाहेर पडते. गरम पाण्याला लहान रेडिएटर पुरतो. विमानवाल्यांना हे आधी उमगलं, कारण मोठा रेडिएटर म्हणजे वाऱ्याला आडवी भिंत. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला पाण्याऐवजी निव्वळ ग्लायकॉल हा द्रव वापरला गेला, जो १९७ अंशांना उकळतो. पुढं पाणी-ग्लायकॉलचं मिश्रण दाबाखाली ठेवलं. हे ग्लायकॉल १८५६ मध्ये वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं पहिल्यांदा बनवलं. मोटारींत ते आलं थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून. आपल्याकडं गोठण्याचा प्रश्न नाही, म्हणून कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात घालायचं हेच औषधी ग्लायकॉल) म्हणजे उगाच खर्च असं लोक धरून चालतात. पण निम्मं ग्लायकॉल घातलेलं पाणी उशिरा उकळतं, आणि कुलंटमधली औषधं आतल्या धातूला गंज चढू देत नाहीत.

दाब धरणारं टोपण हे तर आपल्या भागासाठी वरदानच. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. इथं उघड्या भांड्यातलं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. टोपणावर ०.९ हा आकडा (बार, म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतका) असेल तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा तेवढ्यानं वाढेपर्यंत ते वाफ सोडत नाही, आणि तेच पाणी ११७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपणाचं रबर वाळून चिरलं की ही वीस अंशांची सवलत संपते. घाटात तापलेल्या कितीतरी गाड्यांचा रेडिएटर निर्दोष असतो, टोपण गेलेलं असतं.

चढावर आणखी एक गोष्ट विरुद्ध जाते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे जास्त, गाडीचा वेग कमी, त्यामुळं जाळीतून वारा मिळत नाही. त्यात मे-जूनमध्ये वारा समुद्राकडून घाटमाथ्याकडं वाहतो. सावंतवाडीहून चढणाऱ्या गाडीच्या तो पाठीत लागतो आणि समोरून मिळायचा वाराही कमी होतो. अँबॅसिडरचा पंखा बेल्टवर, म्हणजे इंजिन जसं फिरेल तसा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तिचं इंजिन आडवं बसवलेलं आणि पंखा विजेचा. पाणी तापलं की तो आपोआप लागायचा, गाडी उभी असली तरी. वडापच्या जीपा आणि अँबॅसिडर तावंदी घाटात श्वास घेत उभ्या असताना ही डबीएवढी गाडी शेजारून निघून जायची, तेव्हा लोकांना त्याचं भारी आश्चर्य वाटायचं.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘वॉल’. सुरुवातीचे वॉल द्रव भरलेल्या पितळी भात्याचे होते. दाबाचं टोपण आल्यावर दाबामुळं त्यांची गणितं चुकू लागली. मग मेणाची गोळी असलेले वॉल आले. ठरलेल्या तापमानाला, बहुतेक ८२ किंवा ८८ अंशांना, मेण वितळून फुगतं, काडी ढकलतं आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. तोवर पाणी इंजिनातच फिरून लवकर तापतं.

हा वॉल आपल्याकडं सर्रास काढून टाकतात. ही खोड कुठून आली असावी? मला ती उसाच्या फडातून आलेली वाटते. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि त्यांची डिझेल इंजिनं विहिरींवर बसली. शेतातल्या पंपाच्या इंजिनाला रेडिएटर कशाला? पंपानं उचललेल्या पाण्यातलंच थोडं इंजिनातून फिरवून पाटात सोडायचं. नळीतून पडणारं पाणी हाताला सोसवेल इतकं कोमट लागलं की इंजिन ठीक. विहिरीचं गार पाणी अखंड मिळायचं, इंजिन दिवसभर एकाच वेगानं चालायचं, आणि ते पुरेसं होतं. त्या कोमट धारेवर ज्यांचा हात बसला, तेच पुढं ट्रॅक्टर, जीप आणि मोटारींचे मिस्त्री झाले.

मोटारीत तोच हिशोब अंगाशी येतो. इंजिन ठरलेल्या तापमानाच्या बरंच खाली रेंगाळलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ऑइल घट्ट राहतं, सिलिंडरची झीज वाढते. आजच्या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, सेन्सरवरून समजतो की इंजिन अजून थंड आहे, आणि पेट्रोल जादा सोडत राहतो. अॅव्हरेज पडतं, पिकअप मंदावतो. दुसऱ्या टोकाला इंजिन फार तापलं तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकू पाहतं, ठोके येतात, आणि ते टाळायला ईसीएम ठिणगी मागं ओढतो. ताकद तिथंही जाते. त्याहून पुढं गेलं तर अॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बिडाच्या ब्लॉकच्या जवळपास दुप्पट फुगतं, हेड बेंड होतं, गॅस्केट उडतं, आणि मग हेड घासून सपाट करायला, म्हणजे फेसिंगला, टाकण्यावाचून इलाज नाही. दोन टोकांमधली पट्टी अरुंद आहे. गेल्या सव्वाशे वर्षांची मेहनत तिच्यात राहता यावं म्हणून झाली.

पाण्याबद्दल एवढंच: अथणी, रायबाग पट्ट्यातलं बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. त्याचा पांढरा थर उष्णतेला अडवतो, आणि तो आत बसल्यावर दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगहून माझी गाडी आली आणि डिसेंबरच्या सकाळी खानापूरपर्यंत काटा वर चढेना. चौकशी केल्यावर मिस्त्री सहज म्हणाला, “वॉल काढलोय ओ, आपल्याकडं कशाला पाहिजे त्ये?” मी नवा वॉल आणला. बसवण्याआधी घरी पातेल्यात पाणी ठेवून तो दोऱ्यानं टांगला आणि शेजारी थर्मामीटर सोडला. सत्तर अंशांना काही नाही. ऐंशीला काही नाही. ब्याऐंशी ओलांडताना पितळी चकती केसभर सरकली, आणि पाणी खदखदायच्या आधी पुरती उघडली. गॅस बंद केला, तशी ती हळूहळू परत बसली. आई शेजारीच उभी होती. तिनं आंबोलीतलं ते ओलं गोणपाट बघितलेलं होतं. तिनं मला पुन्हा गॅस पेटवायला लावला आणि चकती उघडताना वाकून बघितली.