दम कोंडलेलं इंजिन

पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चहाच्या टपरीला धुराडं लावलंय. चौकोनी पेटी, चारही बाजूंनी खिडक्या, चाकं पत्र्याआड झाकलेली. इंजिन म्हणून जे काही डोळ्यांसमोर येतं, त्यातलं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. पण ते इंजिनच होतं. स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरच्या कारखान्यात १८९४ साली बांधलेलं, बर्न शहराच्या वाफेच्या ट्रामचं, क्रमांक १२. बर्नच्या लाल रंगाच्या विजेच्या ट्रामा ज्या रुळांवरून धावतात, त्याच रुळांवरून वर्षातल्या काही ठरावीक रविवारी ही टपरी मागे डबा जोडून निघते.

वाफेवरच्या गाड्या जपणारी हौशी मंडळी जगात पुष्कळ आहेत, पण ती बहुतेक रेल्वेवाली. वाफेची ट्राम भर रस्त्यात, सिग्नल आणि सायकली सांभाळत चालवणं हे फार थोड्या ठिकाणी उरलंय. ट्रामचं इंजिन म्हणजे रेल्वेच्या इंजिनाचं धाकटं भावंड, असा आपला समज असतो. माझाही होता. प्रत्यक्षात त्या दोघांच्या श्वास घेण्याच्या पद्धतीतच फरक आहे.

आधी रेल्वेचं इंजिन पाहू. लहानपणी आपण ज्याला ‘छुक छुक’ म्हणायचो, तो इंजिनाचा आवाज खरं तर त्याच्या भात्याचा आवाज असतो. वाफ सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलते, तिचं काम होतं, पण तिच्यात थोडा दाब शिल्लक असतो. ही वापरलेली वाफ एका अरुंद तोंडाच्या नळीतून धुराड्यात वर सोडतात. ती वेगाने बाहेर पडताना आजूबाजूचा धूर आणि गरम वायू सोबत ओढून नेते, त्यामुळे धुराड्याच्या बुडाशी हवेचा दाब कमी होतो. मग भट्टीखालच्या जाळीतून बाहेरची ताजी हवा आत खेचली जाते आणि कोळसा फुलतो. चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकर घालायची, तसंच हे. फक्त इथे मागून फुंकायच्या ऐवजी पुढून ओढायचं. गंमत अशी की चढ लागला, ओझं वाढलं, की वाफ जास्त लागते. मग धुराड्यातून जास्त वाफ सुटते, जास्त हवा खेचली जाते आणि आग आपोआप भडकते. इंजिन धापा टाकतं म्हणूनच त्याला दम टिकवता येतो.

आता हेच यंत्र शहराच्या रस्त्यावर आणा. तेव्हा रस्त्यावर घोड्यांचं राज्य होतं. घोडा धुराला, ठिणगीला, फस्सकन सुटणाऱ्या वाफेला आणि गरगरत्या दांड्यांना बिचकतो, आणि उधळला की टांग्यासकट उधळतो. ब्रिटनमध्ये १८७९ च्या सुमारास ट्रामवर यंत्रशक्ती वापरायला परवानगी मिळाली, पण तिच्या अटी ऐकण्यासारख्या आहेत. दिसेल असा धूर नको, वाफही नको. यंत्राचे हलणारे भाग वरपासून खाली, रुळाच्या वर दहाएक सेंटिमीटर राहीपर्यंत, झाकलेले हवेत. वेग ताशी १० मैलांवर, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरवर गेला, तर चालकाने हात न लावता वाफ बंद होऊन ब्रेक लागला पाहिजे. शेवटच्या अटीसाठी चाकांच्या फेऱ्यांवर चालणारा नियंत्रक बसवत. वेग वाढला की त्याचे फिरते गोळे बाहेर फाकायचे आणि झडप मिटायची. ही अट सोपी होती. खरी पंचाईत पहिल्या अटीने केली. वाफ धुराड्यातून सोडायची नाही, तर भाता कशाने चालवायचा?

यावर अभियंत्यांनी दोन वाटा शोधल्या. दोन्ही कळायला स्वयंपाकघरात जावं लागेल.

कुकरच्या शिट्टीतून वाफ सुटते तेव्हा जरा निरखून पाहा, हात न घालता. शिट्टीच्या तोंडाशी बोटभर जागा अगदी स्वच्छ दिसते, जणू तिथे काहीच नाही. पांढरा लोट त्याच्या वर सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत असते. वाफ हा वायू आहे, तो दिसत नाही. पांढरं दिसतं ते वाफ निवून तयार झालेले पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे धुकंच. मग वापरलेली वाफ बाहेर सोडण्याआधी तिला भट्टीतून फिरवून पुन्हा तापवली तर? विगनच्या विल्यम विल्किन्सनने १८८१ मध्ये असंच केलं. वाफ इतकी तापवायची की धुराड्यातून निघाल्यावर तिचं धुकं व्हायच्या आत ती हवेत मिसळून विरळ व्हावी. वाफ सुटायची, पण दिसायची नाही, आणि भाताही थोडाफार चालायचा. कायद्याने ‘दिसू नये’ म्हटलं होतं, ‘असू नये’ नव्हतं! हिवाळ्यातल्या दमट सकाळी मात्र ही चलाखी उघडी पडायची.

दुसरी वाट लीड्सच्या किटसन कंपनीची. त्यांनी वाफेचं पुन्हा पाणी करायचं ठरवलं. इंजिनाच्या छपरावर तांब्याच्या बारीक नळ्यांच्या कमानी बसवल्या, वापरलेली वाफ त्यांतून फिरवली आणि वाऱ्याने नळ्या निवतील असं पाहिलं. कागदावर झकास. पण एक किलो वाफ पाणी होताना सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. एवढ्या उष्णतेत खोलीतलं सात लिटर पाणी उकळीला येईल. समजा इंजिनाने तासाला १०० किलोच वाफ वापरली, तर छपराला सतत ६३ किलोवॅट उष्णता हवेत टाकत राहावं लागेल. म्हणजे न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे तीसेक गीझर एकदम चालू ठेवायचे आणि ती सगळी धग नुसत्या वाऱ्यावर निववायची. वारा तरी कुठला? गाडीचा वेग ताशी १६ किलोमीटर! चढावर वाफ जास्त आणि वेग कमी, म्हणजे गरज सर्वांत मोठी तेव्हाच वारा सर्वांत कमी. आणि वाफ पाणी झाली की धुराड्यातला ओढा गेलाच.

त्यात भर म्हणून इंधन. धूर नको म्हणून कोळशाऐवजी कोक जाळायचा. कोळसा बंद भांड्यात तापवला की त्यातला वायू आणि डांबर निघून जातं, उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन. हा वायू शहरातल्या रस्त्यांवरचे दिवे लावायला जायचा आणि मागे राहिलेला कोक बाजारात विकायला यायचा, म्हणून तो सहज मिळायचा. जळताना धूर नाही, पण तो पेटवायला आणि फुललेला ठेवायला हवेचा ओढा जास्त लागतो. थोडक्यात, ज्या इंजिनाचा भाता काढून घेतला, त्यालाच सर्वांत हट्टी इंधन दिलं. तरीही ही इंजिनं पाचपन्नास माणसांचा डबा ओढत वर्षानुवर्षं चालली, याचंच मला अप्रूप वाटतं.

बर्नला तर या भानगडीतून सुटायचा तिसराच मार्गही ठाऊक होता. वाफेच्या ट्रामच्या चार वर्षं आधी, १८९० मध्ये, तिथे दाबलेल्या हवेवर चालणारी ट्राम आली होती. आरे नदीच्या पाण्याच्या जोरावर हवा दाबायची, ती गाडीच्या टाक्यांत भरायची आणि गाडी सोडून द्यायची. ना धूर, ना आग. फक्त हवा फुगली की थंड होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना तोंडाशी बोट धरलं की गार लागतं, तेच. अशी हवा थेट यंत्रात घेतली तर आत बर्फ जमतो, म्हणून ती आधी गरम पाण्याच्या भांड्यातून नेत. वीज आली आणि थोड्याच वर्षांत हवेची ट्राम आणि वाफेची ट्राम दोघीही बर्नच्या रस्त्यांवरून गेल्या.

जपलेल्या वाफेच्या ट्राम इतरत्रही आहेत. जर्मनीतल्या बव्हेरियात प्रीन गावच्या स्टेशनपासून कीमसे तळ्याच्या धक्क्यापर्यंत जेमतेम दोन किलोमीटरची एक लाइन १८८७ पासून आहे. राजा दुसरा लुडविग आदल्या वर्षी वारला, तळ्यातल्या बेटावरचा त्याचा राजवाडा लोकांना पाहायला खुला झाला आणि गर्दी लोटली, म्हणून ती बांधली. तिचं पेटीसारखं इंजिनही १८८७ चंच, म्युनिकच्या क्राउस कारखान्यातलं. ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनला १९०९ ते १९३९ फ्रान्समधल्या बोर्दोच्या ‘पुरे’ नावाच्या कारखान्याच्या वाफेच्या ट्राम चालल्या. त्यांत वेगळं इंजिनच नाही, बॉयलर डब्याच्याच पुढच्या अंगात, प्रवाशांच्या शेजारी! त्यांतली एक तिथल्या आर्चर पार्क संग्रहालयात पुन्हा चालती केलेली आहे.

असली वस्तू चालवणं म्हणजे चावी फिरवून निघणं नव्हे. गार बॉयलर एकदम तापवला तर जाड आणि पातळ पत्रे कमीजास्त प्रसरण पावतात आणि सांधे ताणले जातात, म्हणून गाडी सुटायच्या कित्येक तास आधीपासून मंद आग ठेवावी लागते. गीझरच्या कांडीवर बसतो तसा क्षाराचा थर आत बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पत्रा भाजतो. तो खरवडायचा, धुवायचा. बॉयलरची मजबुती तपासताना मात्र वाफ वापरत नाहीत, गार पाणी काठोकाठ भरून त्याचा दाब वाढवतात. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा फाटलाच तर नुसती चिळकांडी उडते आणि दाब उतरतो. वाफेने तपासायला गेलं आणि फाटला, तर तपासणाऱ्याचीच खैर नाही.

आपल्याकडे काय झालं? मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत. कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते. पुढे १९०७ मध्ये थेट विजेची ट्राम आली. वाफेचा टप्पा मुंबईने गाळलाच. कलकत्त्याने १८८२ मध्ये वाफेची इंजिनं लावून पाहिली. आणि त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत १८८५ साली ट्राम सुरू झाली ती वाफेवरच. पण आवाजाच्या तक्रारी इतक्या झाल्या की इंजिनं काढून घोडे जुंपावे लागले. जगभर घोड्याच्या जागी इंजिन येत असताना कराचीत इंजिनाच्या जागी घोडा आला.

तरी वाफेचं इंजिन भर बाजारातून जाताना पाहायचं असेल, तर बर्नपर्यंत जायची गरज नाही. दार्जिलिंगच्या ज्या गाडीला आपण ‘टॉय ट्रेन’ म्हणतो, ती १८७९ साली कागदावर आली तेव्हा कंपनीचं नाव होतं दार्जिलिंग स्टीम ट्रामवे. ‘हिमालयन रेल्वे’ हे नाव तिला १८८१ मध्ये मिळालं. रूळ घातले ते आधीच असलेल्या हिल कार्ट रोडच्या कडेने, म्हणून दार्जिलिंग ते घुम या फेरीत इंजिन अजूनही दुकानांच्या पायऱ्यांना घासून जातं. गिऱ्हाईक भाजी निवडता निवडता एक पाऊल मागे सरतं, गाडी गेली की पुन्हा पुढे. इथे घोड्यांची भीड नव्हती, पत्र्याचा पडदा नव्हता. दांडे उघडे, वाफ उघडी, भाता मोकळा. अडचण वेगळीच होती. धुक्याने ओल्या झालेल्या रुळावर, चढावर, चाक जागच्या जागी गरगरतं, कारण पोलादाची पोलादावरची पकड ओलाव्याने कमी होते. त्यावरचा उपाय इंजिनाच्या पुढच्या तोंडावर बसलेला असायचा. तिथे दोन माणसं, शेजारी वाळू. चाक घसरायला लागलं की एक जण मूठ भरून वाळू पुढच्या रुळावर सोडायचा, आणि मागून चालकाच्या कानाला कळायचं की छुक छुकची लय पुन्हा जागेवर आली.