किसुमू केनियात आलं कसं? न्यान्झा भागाची थोडी पार्श्वभूमी

न्यान्झाबद्दल, म्हणजे पश्चिम केनियातल्या व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या भागाबद्दल, काहीही वाचायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. 1902 पर्यंत किसुमू (तिथलं बंदराचं शहर) आणि आजूबाजूचा सगळा मुलूख युगांडात होता. केनियात नव्हताच, आणि तेव्हा केनिया हे नावही नव्हतं, पूर्व आफ्रिका संरक्षित प्रदेश असं लांबलचक काहीतरी होतं. दोन्ही ब्रिटिशांच्याच ताब्यात. युगांडाची हद्द पार रिफ्ट व्हॅलीत नैवाशापर्यंत यायची, म्हणजे आजच्या नैरोबीपासून फार लांब नाही.

मग बदललं काय, तर रेल्वे. मोंबासाहून 1896 मध्ये काम सुरू झालं आणि डिसेंबर 1901 मध्ये रूळ सरोवराला टेकले, सुमारे 930 किमी. हिंदुस्थानातून जवळपास 32 हजार मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले, कराचीहून जहाजात बसवून, त्यातले अडीच हजाराच्या आसपास तिथेच मेले. जे राहिले त्यातल्या काहींना किसुमूजवळ किबोसला शेतजमिनी मिळाल्या, ऊस लागला. त्या काळात तिथे चलन आपला रुपया (1920 पर्यंत), कायदा इंडियन पीनल कोड आणि दुकानाला स्वाहिलीत आजही दुका म्हणतात, यावरून काय ते समजा. शेवटच्या स्टेशनला नाव मात्र पोर्ट फ्लोरेन्स दिलं, ते फार टिकलं नाही, किसुमूच राहिलं.

आता वादाचा मुद्दा. रेल्वे पूर्ण झाल्यावर लंडनमध्ये ठरलं की अख्खी लाईन एकाच प्रशासनाखाली पाहिजे, अर्धी इकडे अर्धी तिकडे नको. म्हणून 1 एप्रिल 1902 ला युगांडाचा पूर्व प्रांत उचलून शेजारच्या संरक्षित प्रदेशाला जोडून टाकला आणि त्याचे किसुमू आणि नैवाशा असे दोन प्रांत केले. कागदावर सोयीचा निर्णय. पण रेल्वेवर 50 लाख पौंडांच्या वर खर्च झालेला, तो वसूल करायला मालवाहतूक पाहिजे, त्यासाठी गोरे शेतकरी पाहिजेत, आणि त्यांना द्यायची उंचावरची थंड हवेची बरीच जमीन नेमकी याच हस्तांतरित पट्ट्यात होती, त्यामुळे नुसती रेल्वेची सोय म्हणून हे झालं असं मला तरी वाटत नाही. तिथल्या लोकांना कोणी विचारलं नाही हे वेगळं सांगायला नको. सामिया समाजाचे गाववाले आजही दोन्ही देशांत विभागलेले आहेत.

गंमत म्हणजे नावं मागेच राहिली. तेव्हा एकही किलोमीटर युगांडात नाही आणि नाव युगांडा रेल्वे! 1903 मध्ये ज्यूंना वसाहतीसाठी जमीन द्यायची ब्रिटिशांची जी ऑफर होती तिला जग अजून युगांडा योजना म्हणतं, पण ती जमीन, म्हणजे उआसिन गिशूचं पठार, वर्षभरापूर्वीच युगांडातून निघालं होतं.

प्रांताला पुढे न्यान्झा नाव पडलं, न्यान्झा म्हणजे सरोवरच, पण हा बांटू भाषांमधला (आफ्रिकेतलं एक मोठं भाषाकुळ) शब्द. इथले लुओ लोक सरोवराला नाम लोल्वे म्हणतात. त्याहून मोठा गोंधळ काविरोंडो या शब्दाचा. बाहेरच्यांनी हे नाव लुओंनाही लावलं आणि त्यांच्या शेजारच्या लुह्या लोकांनाही, ज्यांच्या भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मग साहेबांना कळलं की हे दोन वेगळे आहेत, तर नायलॉटिक काविरोंडो (लुओ) आणि बांटू काविरोंडो (लुह्या) असे दोन कप्पे केले, जिल्हेही नॉर्थ, सेंट्रल, साऊथ काविरोंडो. आणि 1921 मध्ये तिथल्या मिशन शाळांतून शिकलेल्या पोरांनी सरकारविरुद्ध संघटना काढली तर तिच्या नावातही काविरोंडोच. स्वातंत्र्यानंतर किसुमूजवळच्या काविरोंडो आखाताचं नाव बदलून विनाम झालं, म्हणजे सरोवराचं डोकं, आणि तो शब्द एकदाचा मागे पडला.

ज्या रेल्वेसाठी एवढी सीमा हलवली तिनेच किसुमूला बाजूला टाकलं. 1931 मध्ये नाकुरूवरून वेगळ्या मार्गाने कंपालापर्यंत थेट गाडी पोचली आणि किसुमू ब्रँच लाईनवर गेलं. तरी बोटींमुळे बंदर चालू होतं, पण 1977 मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानिया या तिन्ही देशांची सामायिक व्यवस्था मोडली, बोटी आणि डबे वाटून घेतले, आणि नव्वदच्या दशकात जलपर्णीने उरलंसुरलं धक्क्याला बांधून ठेवलं.

राजकारणातही तसंच. 1963 मध्ये लुह्यांचा उत्तर भाग वेगळा होऊन वेस्टर्न प्रांत झाला, न्यान्झात उरले मुख्यतः लुओ आणि डोंगरातले किसी लोक. ऑक्टोबर 1969 मध्ये किसुमूत रशियन मदतीने बांधलेल्या हॉस्पिटलच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष आले, घोषणाबाजी झाली, पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 11 मृत, लोक कितीतरी जास्त सांगतात. लगेच विरोधी पक्षावर बंदी. किसुमूला शहराचा दर्जा मिळायला 2001 उजाडलं. 2010 च्या संविधानाने प्रांतच गेले, न्यान्झाच्या जागी सहा काउंटी आल्या: किसुमू, सियाया, होमा बे, मिगोरी, किसी, न्यामिरा. बोलताना लोक अजून न्यान्झाच म्हणतात.

आणि 1902 चं भूत काही जात नाही. फेब्रुवारी 1976 मध्ये युगांडाच्या लष्करशहाने जुना नकाशा काढून पश्चिम केनिया आपलाच म्हणून दावा ठोकला, केनियाने एक इंचही देणार नाही म्हटल्यावर माघार घेतली. मग 2008-09 पासून मिगिंगो बेटाचा वाद. सरोवरातला एकरभरही नसलेला खडक, त्यावर पत्र्याच्या झोपड्यांची गर्दी, आणि भोवती एम्बुटा म्हणजे नाईल पर्च मासा. पाण्यातली सीमा 1926 च्या आदेशात बेटांच्या टोकांवरून आखलेली आहे, त्यानुसार बेट केनियाचं. 2009 मध्ये युगांडाच्या राष्ट्राध्यक्षांनीही ते मान्य केलं, फक्त पुढे जोडलं की भोवतालचं पाणी आमचं. आता मासे तर पाण्यातच असतात.