आईची पॉईंट फाईव्ह

दोन वर्षांपूर्वी गणपतीला आम्ही ठाण्याच्या नौपाड्याहून चिपळूणला गेलो आणि आईची रात्रीची गोळी घरी फ्रिजवरच्या डब्यातच राहिली. एका गोळीने काय होतंय, दमलीयेस, आपोआप झोपशील असं आम्ही सगळेच म्हणालो. पहिली रात्र ती टक्क जागी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीला निरांजन लावायला घेतलं तर काडी वातीला लागेचना, हात इतका थरथरत होता की शेवटी काकूने ताट हातातून घेतलं. झांजांचा आवाज तिला सहन होईना, कानात खुपसल्यासारखं होतंय म्हणाली, ब्लाऊज घामाने ओला. आम्हाला वाटलं शुगर उतरली, तर शुगर नॉर्मल, बीपी थोडं वर. गावातल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "झोपेला काही घेता का?"

घेत होती. अल्प्राझोलम नावाची झोपेची गोळी, पॉईंट फाईव्ह म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमची, सहा वर्षं. बाबांच्या बायपासच्या वेळी तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती तेव्हा एका डॉक्टरांनी लिहून दिली, चिठ्ठीवर पंधराच दिवस लिहिले होते, पण नंतर केमिस्ट तीच जुनी चिठ्ठी बघून स्ट्रिप देत गेला आणि आम्हीही आणत गेलो. मी स्वतः कितीदा ऑफिसमधून येताना आणलीये. खरं तर अल्प्राझोलम शेड्यूल एच वन या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येते, 1 मार्च 2014 पासून हा नियम आहे, म्हणजे स्ट्रिपवर लाल चौकटीत इशारा असतो आणि दुकानदाराने पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं असतं. ती लाल चौकट सहा वर्षं आमच्या डोळ्यासमोर होती, आम्ही एकदाही वाचली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

या गोळ्यांच्या घराण्याला बेन्झोडायझेपिन म्हणतात. पहिली 1960 साली बाजारात आली, लिओ स्टर्नबाख नावाच्या केमिस्टने शोधलेली, आणि 1963 मध्ये डायझेपाम. आपल्या मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, त्याचं काम पेशींना शांत करायचं. गाबा येऊन चिकटला की पेशीवरचं एक बारीक दार उघडतं, त्यातून क्लोराईड आत शिरतं आणि ती पेशी पटकन पेटत नाही. गोळी स्वतः दार उघडत नाही, गाबा आला की ते दार जास्त वेळा उघडेल असं करते, म्हणून अर्ध्या तासात छातीतली धडधड बसते, आणि थोड्या दिवसांसाठी हे औषध खरंच चांगलं आहे, फिट थांबवायलाही हीच औषधं वापरतात.

पण रोज रोज बाहेरून मदत मिळतेय म्हटल्यावर मेंदू आपलं गणित बदलतो. ती दारं गोळीला पूर्वीसारखी दाद देत नाहीत आणि पेशींना चेतवणारी बाजू जोर धरते. हे आठवड्यांत होऊ शकतं, म्हणूनच ही औषधं शक्यतो दोन ते चार आठवड्यांच्या वर देऊ नयेत असं सांगतात. आता अशा मेंदूकडून गोळी एकदम काढून घेतली तर काय होणार? चेतवणारी बाजू मोकाट सुटते. झोप उडते, हात कापतात, आवाज आणि उजेड टोचतो, काहींना भास होतात, आणि फिटसुद्धा येऊ शकते जी जिवावर बेतते. आईच्या निरांजनाच्या काडीत तेच दिसत होतं.

ठाण्याला परत आल्यावर ज्या सायकिॲट्रिस्टकडे गेलो त्यांनी आधी दिवसभराचं विचारलं. तेव्हा आईने हळूच सांगितलं की संध्याकाळी पाच-सहाला उगाच भीती वाटते, पोटात गोळा येतो, म्हणून वर्षभर ती तेव्हा पाव गोळी जास्त घेतेय, आम्हाला कोणालाच माहीत नाही. मॅडमनी कागदावर हिशोब करून दाखवला: अल्प्राझोलम सरासरी 11 तासांत शरीरात निम्मी होते, रात्री दहाला घेतली तर सकाळी नऊला अर्धी आणि रात्री आठला पाव. म्हणजे संध्याकाळची ती भीती बरीचशी गोळी उतरल्याची होती, आणि त्यावर उपाय म्हणून आई परत तीच गोळी घेत होती. मला हे ऐकून काटा आला, कारण घरी आम्ही "तू फार टेन्शन घेतेस" म्हणून तिलाच बोलत होतो.

"म्हणजे मला व्यसन लागलं का हो?" आईने विचारलं तेव्हा तिचा चेहरा पडला होता. मॅडम म्हणाल्या, शरीराला सवय लागणं वेगळं आणि व्यसन वेगळं. डोस वाढतच जाणं, दोन-तीन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या घेणं, नुकसान दिसतंय तरी ओढ न थांबणं, हे व्यसनाकडे जातं. तुमची सवय आहे, पण लपवून पाव घेणं ही पहिली पायरी होती, बरं झालं बोललात.

मग सोडायचं कसं, तर अतिशय हळू. आधी मॅडमनी थोडी थोडी करून अल्प्राझोलमच्या जागी जास्त वेळ टिकणारी गोळी आणली, म्हणजे रोजचा चढ-उतार कमी होतो, आणि मग दर दोन आठवड्यांनी साधारण दहावा हिस्सा कमी. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलला हेदर ॲश्टन या डॉक्टरांनी 1982 ते 1994 असं क्लिनिक चालवलं, ही हळू उतरायची पद्धत बरीचशी त्यांच्या अनुभवातून रुळली. आमच्याकडे कॅलेंडरच्या चौकटीत आई पेन्सिलने आकडा लिहायची. गोळी कापायचा छोटा कटर आणला, कारण सुरीने एक तुकडा मोठा, एक बारीक आणि बाकी भुगा व्हायचा. मे महिन्यात घरात लग्न होतं तेव्हा मॅडमनी महिनाभर आकडा आहे तिथेच ठेवला, खाली नाही आणि वरही नाही. शेवटचा टप्पा सगळ्यात जड गेला, रात्री दोनला उठून बसायची, मग मी पण उठायचो. झोपेसाठी मॅडमनी रोज उठायची वेळ एकच ठेवायला सांगितली, झोप झाली नसली तरी साडेसहालाच उठायचं आणि तलावपाळीला फेरी. पूर्ण सुटायला अकरा महिने लागले.

घरात कोणी या गोळ्या घेत असेल तर दारूबरोबर किंवा ट्रामाडॉलसारख्या जोरदार पेनकिलरबरोबर त्या अजिबात घेऊ देऊ नका, झोपेत श्वास मंदावू शकतो. वयस्कर माणसांचा तोल जाऊन पडणं, नावं विसरणं, हेही कधी कधी म्हातारपण नसतं, गोळी असते. कुठे जायचं कळत नसेल तर ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून आहे, नावाला घाबरू नका, ओपीडीत साध्या झोपेच्या तक्रारीचे लोकही येतात, आणि फोनवर बोलायचं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

परवा ऐरोलीहून मावशीचा फोन होता, तिची पण तीच गोळी, चार वर्षं. आईचं ऐकून ती म्हणाली, मग मी आजपासून बंदच करते. आई जवळजवळ ओरडलीच, "अगं आजपासून नाही! आज रात्रीची घे, उद्या स्ट्रिप पर्समध्ये टाक आणि डॉक्टरांकडे जा, मी येते सोबत."