मेतिन एर्कसान: पाटाच्या पाण्यापासून सैतानापर्यंत

तुर्की दिग्दर्शक मेतिन एर्कसान यांचं नाव आज बऱ्याचदा चेष्टेनेच निघतं. कारण १९७४ चा 'शेयतान'. मुलीला सैतानाने झपाटल्याच्या 'द एक्झॉर्सिस्ट' या अमेरिकन भयपटाची ही जवळजवळ प्रसंगागणिक नक्कल, फक्त क्रूस आणि पाद्री गाळलेले, शेवट मशिदीत. पण याच माणसाच्या चित्रपटाने दहा वर्षं आधी बर्लिन चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर हा सर्वोच्च पुरस्कार पटकावला होता.

एर्कसान १९२९ चे, जन्म चानाक्कालेचा. इस्तंबूल विद्यापीठात कलेचा इतिहास शिकले. १९५२ मध्ये पहिला चित्रपट केला तो आशिक वेसेल या अंध लोककवीवर. त्यात पिकं खुरटी दिसतात, देशाची शेती दरिद्री वाटते, अशी सेन्सॉरची हरकत! सेन्सॉरशी खटके तिथूनच सुरू झाले.

१९६२ च्या 'यिलानलारिन ओजू'मध्ये एकाच्या घरासमोर दुसरा घर बांधायला काढतो आणि गाव पेटतं. त्याच वर्षीचा 'आजी हायात' म्हणजे शहरी प्रेमकथा, येशिलचामच्या, म्हणजे तुर्की व्यावसायिक सिनेमाच्या, बाजारात खपणारी. पण तिथेही प्रेमिकांचं घोडं अडतं ते राहायला परवडणारं घर मिळण्यावरच.

मग १९६३ मध्ये 'सुसुझ याझ', म्हणजे कोरडा उन्हाळा. झरा आपल्या जमिनीत आहे, म्हणून उस्मान पाणी अडवतो आणि खालची शेतं वाळतात. पाळीच्या पाण्यावरून डोकी फुटलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे धाकटा भाऊ तुरुंगात जातो आणि उस्मानची नजर भावजयीवर पडते. पाणी माझं, तशी ही बाईही माझी. १९६४ मध्ये हा चित्रपट चोरून देशाबाहेर नेऊन बर्लिनला दाखवावा लागला.

एवढ्या यशानंतर कुणीही तोच गावरान मामला पुढे चालवला असता. एर्कसाननी १९६५ मध्ये 'सेवमेक झामानी' केला. घरं रंगवणारा एक माणूस भिंतीवरच्या तसबिरीच्या प्रेमात पडतो. ती बाई प्रत्यक्ष समोर येते, तर तिला नकार देतो, कारण तसबीर त्याला कधी दगा देणार नाही. माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम काम हेच. तेव्हा मात्र ते चित्रपटगृहांपर्यंत पोचलंच नाही. 'कुयू'मध्ये (१९६८) एक पुरुष एकाच बाईला पुन्हा पुन्हा पळवून नेतो.

जमीन, पाणी, बाई, तसबीर. दर वेळी प्रश्न ताब्याचाच. या रांगेत 'शेयतान' लावून पाहिला की तो तितकासा उपरा वाटत नाही. इथे ताबा घ्यायला माणसाऐवजी सैतान आलाय आणि जागा आहे एका मुलीचं शरीर. अर्थात चित्रपट तरीही कच्चाच आहे. सैतानाची बाजू घ्यायची म्हणून त्याला अभिजात म्हणायचं कारण नाही.

पुढे तुर्की टीव्हीसाठी पाच तुर्की कथा आणि १९७६ मध्ये अभिनेत्री फातमा गिरिकला घेऊन स्त्री-हॅम्लेट. 'सुसुझ याझ'ची प्रत २००८ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींच्या संस्थेने दुरुस्त करून घेतली. तेव्हा एर्कसान हयात होते. २०१२ मध्ये इस्तंबूललाच गेले.