ओलित की कोरडवाहू? अर्जातलं गोल बटण नेमकं काय पाठवतं

विदर्भात वावराची माहिती द्यायची वेळ आली की एक प्रश्न हमखास येतो: ओलित की कोरडवाहू? पूर्वी याचं उत्तर तलाठ्याच्या कागदावर चढायचं. २०२१ साली राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि कास्तकार स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. कितीतरी अर्ज आता गावाजवळच्या सेवा केंद्रात संगणकावर भरले जातात. वेबवरच्या अशा अर्जात ‘यातलं एकच निवडा’ असं सांगणारी गोल बटणं म्हणजे रेडिओ बटणं. त्यांचं वागणं समजून न घेता अर्ज बनवला, तर कास्तकाराच्या नावावर त्यानं न दिलेली माहिती चढू शकते.

ओलित आणि कोरडवाहू एकत्र नांदत नाहीत, हे ब्राउझरला, म्हणजे वेबपान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, ठाऊक नसतं. तो फक्त कोडमध्ये बटणाला दिलेलं नाव बघतो. एका अर्जातल्या ज्या रेडिओ बटणांचं ‘नेम’ सारखं, त्यांचा एक गट; त्यातलं एक दाबलं की आधीचं आपोआप सुटतं. नाव लिहिताना एका अक्षराचा फरक पडला, की दोन्ही बटणं खुशाल एकदम निवडता येतात. शिवाय प्रत्येक बटणाला ‘व्हॅल्यू’ द्यावी लागते. सर्व्हरकडे, म्हणजे अर्ज स्वीकारणाऱ्या पलीकडच्या संगणकाकडे, जाते ती हीच. पडद्यावर शेजारी लिहिलेला शब्द जात नाही. व्हॅल्यू द्यायची राहिली तर पलीकडे नुसतं ‘ऑन’ पोचतं. काहीतरी निवडलं एवढं कळतं, काय निवडलं ते कळत नाही.

आणि काहीच निवडलं नाही तर? त्या प्रश्नाचा उल्लेखच सर्व्हरपर्यंत जात नाही. एचटीएमएल म्हणजे वेबपानं लिहायची भाषा; तिच्या १९९५ च्या २.० आवृत्तीत नियम होता की गटातलं एक बटण कायम निवडलेलं असावं. अर्ज बनवणाऱ्यानं ठरवलं नसेल, तर ब्राउझरनं पहिलं निवडावं. आजच्या एचटीएमएलमध्ये गट रिकामा राहू शकतो, आणि हा बदल मला फार मोलाचा वाटतो. ‘कोरडवाहू’ आधीच निवडून ठेवलं, तर ते कास्तकारानं विचार करून ठेवलं की घाईत तसंच राहिलं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. गट रिकामा ठेवावा आणि त्याला ‘रिक्वायर्ड’ (उत्तर सक्तीचं) ही खूण लावावी. उत्तर दिल्याशिवाय ब्राउझर अर्ज पुढे सरकू देत नाही. ब्राउझरची ही अडवणूक टाळता येते, म्हणून सर्व्हरवरही तपासणी हवीच. एकदा दाबलेलं रेडिओ बटण पुन्हा दाबून सुटत नाही, त्यामुळे जिथे गरज असेल तिथे ‘माहीत नाही’ हा पर्यायही द्यावा.

खरी गुंतागुंत जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे पानाला हालचाल देणाऱ्या प्रोग्रॅमच्या भाषेत, होते. समजा, ओलित निवडलं की ‘विहीर, बोअर की कालवा?’ हा पुढचा प्रश्न उघडायचा आहे. निवड बदलली की ब्राउझर ‘चेंज’ नावाची सूचना देतो, पण ती फक्त नव्यानं निवडलेल्या बटणाला. सुटलेल्या बटणाला काहीच कळवलं जात नाही. त्यामुळे एकट्या ‘ओलित’वर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम, माणूस कोरडवाहूकडे वळला तरी विहिरीचा प्रश्न उघडाच ठेवतो. लक्ष सगळ्या गटावर हवं. ‘चेंज’ची सूचना बटणाकडून वरच्या चौकटीपर्यंत चढत जाते, म्हणून गट ‘फील्डसेट’ नावाच्या चौकटीत ठेवून तिथेच ती ऐकणं सोपं पडतं.

पुढचा प्रश्न नुसता दिसेनासा करूनही भागत नाही. लपवलेल्या बटणाची निवड अर्जाबरोबर जातेच! अशानं कोरडवाहू वावरात कागदोपत्री विहीर खणली जाते. तो भाग ‘डिसेबल’ (बंद) केला की त्यातलं काही पाठवलं जात नाही.

बटणाशेजारचा शब्द ‘लेबल’मध्ये घालून बटणाला जोडला, की शब्दावर बोट ठेवलं तरी निवड होते. उन्हात, मातीच्या हातानं मोबाइल धरणाऱ्याला हे फार सोयीचं.

पिकाचा प्रश्न मात्र रेडिओ बटणांवर सोपवू नये. आपल्याकडे पराटीच्या ओळींमध्ये तुरीचं तास असतं. ‘कापूस की तूर’ असं विचारलं तर दोन्ही पेरणाऱ्याला एक पीक सोडावंच लागतं. तिथे चौकोनी चेकबॉक्स हवेत: सगळी पिकं निवडू द्यावीत, प्रत्येकासमोर क्षेत्र विचारावं, आणि ‘मुख्य पीक कोणतं?’ एवढ्यापुरतीच गोल बटणं ठेवावीत.