मागच्या जिन्याची किल्ली कुठंय?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या ऑफिसात सराव ठरला होता: समजा, पुढच्या दारातून कोणी सुरा घेऊन आत घुसला, तर? आम्ही सगळे मागच्या जिन्याकडे निघालो. दाराला कुलूप. किल्ली चौकीदारकाकांकडे, आणि काका कोपऱ्यावर चहाला. सराव तिथेच संपला, पण मला वाटतं, वर्षभरातली ती सगळ्यात कामाची मीटिंग झाली.

अशा प्रसंगात वेळ फार थोडा असतो. अमेरिकेच्या एफबीआयने 2000 ते 2013 मधल्या गोळीबाराच्या 160 घटना तपासल्या. त्यांतल्या 63 घटना किती वेळ चालल्या ते नेमकं कळलं, आणि 44 पाच मिनिटांत किंवा त्याआधीच आटोपल्या होत्या. आपल्याकडे बंदूक क्वचित. भीती असते ती चिडलेल्या गिऱ्हाइकाची, कामावरून काढलेल्या माणसाची. घड्याळ मात्र तेच, आणि पोलीस येईपर्यंतचा वेळ आपला आपल्यालाच काढायचा असतो.

त्या वेळात मेंदू काय करतो? पाचावर धारण बसते म्हणतात ते उगाच नाही. धोका दिसला की अमिग्डाला हा मेंदूतला भीती ओळखणारा भाग शरीराला आधी जागीच थिजवू शकतो. काही क्षण हृदयाचे ठोकेसुद्धा मंदावतात. त्यात भर आजूबाजूला गप्प बसलेल्यांची. 1968 मध्ये लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवून भिंतीतून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी 75 टक्के उठून सांगायला गेले. सोबत ठरवून गप्प बसवलेले दोघे होते, तेव्हा फक्त 10 टक्के. बाकीचे डोळे चोळत फॉर्म भरत राहिले! म्हणून पहिली आरोळी कोणी मारायची, हे आधी ठरलेलं बरं.

‘पळा, लपा, नाइलाज झाला तरच झुंजा’ हा क्रम अमेरिकेत शिकवतात. पळता येत नसेल तर खोलीला आतून कडी, दिवे बंद, मोबाइलचं व्हायब्रेशनसुद्धा बंद, आणि दारासमोरून बाजूला. आमच्या काचेच्या केबिनींना आतून कडीच नव्हती. दिसायला झकास, लपायला कुचकामी. सुरक्षित झालात की 112 ला फोन, आणि मजला सांगायचा. कोणाला रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घेऊन दोन्ही हातांनी दाबून धरायचं, थांबलं का म्हणून उचलून बघायचं नाही. पोलीस आत आले की रिकामे हात वर. ते जखमींना ओलांडून आधी हल्लेखोराकडे जातील, त्याचा राग मानू नये.

खोटे रक्त, फटाक्यांचे बार असला तमाशा सरावात नको. लोक घाबरतात आणि शिकायचं राहून जातं. चालत जाऊन वाट पायाखालून घालणं पुरतं.

मागच्या दाराला आता आतून ढकललं की उघडणारा आडवा दांडा बसवलाय. बाहेरून ते उघडत नाही. दुसऱ्या सरावात सगळे झटपट खाली उतरले. फक्त अकाउंट्सच्या ताई अर्ध्या जिन्यातून परत फिरल्या. डबा राहिला होता.