ललिता बाबर

बाबर, ललिता शिवाजी : (२ जून १९८९ – ). लांब पल्ल्याच्या भारतीय धावपटू. ३,००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा हौद ओलांडत धावण्याच्या) शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. ‘माणदेशी एक्स्प्रेस’ या नावानेही त्या ओळखल्या जातात. जन्म सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, मोही या गावी, शेतकरी कुटुंबात झाला.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडच्या माणमध्ये त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. माण, सांगलीचे आटपाडी, सोलापूरचे सांगोले असा तीन जिल्ह्यांत पसरलेला हा माणदेश मेंढपाळांचा आणि गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी देशभर पांगलेल्या माणसांचा मुलूख आहे. ललिता बाबर यांच्याविषयी लिहिताना दुष्काळानेच त्यांना काटक बनवले असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे मानावे लागेल. दुष्काळ सगळ्या तालुक्याच्या वाट्याला आला. रेल्वेची नोकरी, राष्ट्रीय शिबिर आणि बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या हाताखालचा सराव मात्र त्यांना धावण्याच्या बळावर मिळवावा लागला.

२००५ मध्ये पुण्यात झालेल्या २० वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी पहिले सुवर्णपदक मिळवले. पुढे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वेळा, २०१४ पर्यंत, त्या पहिल्या आल्या. एवढ्यावर नाव आणि बक्षिसे मिळत राहिली असती. पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेतले पदक हवे म्हणून त्या स्टीपलचेसकडे वळल्या. वयाच्या पंचविशीत ४२ किलोमीटरवरून ३ किलोमीटरवर येणे हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी निर्णय म्हणता येईल.

स्टीपलचेसमध्ये २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा हौद ओलांडावा लागतो. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंमी. असते. साध्या हर्डल्स शर्यतीतला अडथळा पाय लागला की आडवा होतो. हा जाड लाकडी ओंडका हलत नाही, धावपटूच आपटते. हौदापुढच्या ओंडक्यावर बहुतेक जणी एक पाय टेकवून पुढे झेप घेतात आणि हौदाच्या उथळ टोकाला उतरतात, कारण तळ ओंडक्याकडे खोल होत जातो. सुरुवातीच्या फेऱ्यांत हे सोपे दिसते. शेवटच्या दोन फेऱ्यांत पाय जड झाले, बूट भिजले की पावलांचा हिशेब चुकू लागतो, आणि मॅरेथॉनमध्ये कमावलेला दम तिथे उपयोगी पडतो. महिलांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली ती २००८ साली, बीजिंगला. म्हणजे बाबर या प्रकारात उतरल्या तेव्हा तो भारतातच काय, जगातही फारसा जुना नव्हता.

२०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी ९ मि. ३५.३७ से. वेळेसह कांस्यपदक मिळवले आणि सुधा सिंग यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्याच शर्यतीत सुधा सिंग अगदी थोड्या फरकाने चौथ्या आल्या. पुढची दोन वर्षे या दोघींच्या चुरशीची. २०१५ मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत बाबर यांना सुवर्ण (९ मि. ३४.१३ से.) मिळाले. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी प्राथमिक फेरीत ९ मि. २७.८६ से. अशी वेळ दिली आणि अंतिम फेरीत आठवा क्रमांक मिळवला. मे २०१६ मध्ये शांघायला सुधा सिंग यांनी विक्रम परत घेतला.

तो फार दिवस टिकला नाही. ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत बाबर ९ मि. १९.७६ से. वेळेत धावल्या, राष्ट्रीय विक्रम एका झटक्यात सुमारे सात सेकंदांनी खाली आला. १९८४ मध्ये पी. टी. उषा ४०० मीटर हर्डल्सच्या अंतिम फेरीत धावल्या होत्या. त्यानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत भारतीय महिला दिसली. १५ ऑगस्टला झालेल्या त्या अंतिम फेरीत त्या ९ मि. २२.७४ से. वेळेसह दहाव्या आल्या. प्राथमिक फेरीची वेळ पुन्हा जुळली असती तर क्रमांक आणखी वर गेला असता. विजेत्या बहारीनच्या रूथ जेबेट यांची वेळ ८ मि. ५९.७५ से. होती, म्हणजे पदक तरीही दूरच राहिले असते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले, त्यामुळे सातारकरांना ऑलिंपिक म्हटले की आधी कुस्तीचा आखाडा आठवतो. जिल्ह्याच्या क्रीडा इतिहासात धावपट्टीला जागा मिळाली ती मुख्यतः बाबर यांच्यामुळे. २०१६ चा अर्जुन पुरस्कार त्यांना देण्यात आला. पुढे त्या महाराष्ट्र शासनाच्या महसूल सेवेत अधिकारी झाल्या. रिओतला त्यांचा राष्ट्रीय विक्रम सात वर्षे अबाधित होता. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पारुल चौधरी यांनी ९ मि. १५.३१ से. वेळेसह तो मोडला.